सीना नदीचं पाणी ओसरलं. शेत आणि शिवारातला रस्ता वाहून गेल्याची नोंद कशी ठेवू?

पंचनाम्याला कुणी येईपर्यंत थांबू नका. चिखल वाळला की निम्मा पुरावा गेला.

आधी पाण्याची रेघ शोधा. बाभळीच्या खोडावर, विहिरीच्या कठड्यावर, विजेच्या खांबाला अडकलेल्या पाचटावर ती दिसते. जमिनीपासून तिथपर्यंत टेप धरा आणि टेपसकट फोटो काढा. ऑक्टोबर २०२० मध्ये आंध्रातल्या काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर आलेलं कमी दाबाचं क्षेत्र तेलंगणातून आपल्या भागाकडे आलं, तेव्हा आम्ही नुसतं पाण्याचे व्हिडिओ काढत बसलो. नंतर विचारलं गेलं, पाणी किती फूट होतं? सगळे एकमेकांच्या तोंडाकडे!

पीक बुडालं आणि माती खरडून गेली, ही नुकसानं वेगळी आहेत. मदतही वेगळी मिळते. त्यामुळे माती गेलेल्या जागी खोरं उभं धरून खोली दाखवा, एक फोटो बांधावरून पूर्ण शेताचा घ्या. गट नंबर पाटीवर खडूने लिहून फोटोत ठेवा. सातबारा आणि ई-पीक पाहणीची नोंद हाताशी असू द्या.

रस्त्याचा खचलेला भाग, पुलाचे तुंबलेले पाइप दोन्ही बाजूंनी टिपा. रस्ता जिल्हा परिषदेचा की बांधकाम खात्याचा, हे ग्रामपंचायतीत विचारा, नाहीतर अर्ज फिरत राहतो.

फोनमध्ये लोकेशन चालू ठेवा. व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला की लोकेशनची माहिती निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मूळ फोटो पुसू नका.