इलेक्ट्रॉनच्या जोडीची वाटणी करून बनणाऱ्या सहसंयुज बंधात दोन अणू एकमेकांना नेमके कशामुळे धरून राहतात?

'अष्टक पूर्ण होतं म्हणून', म्हणजे बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन होतात म्हणून, हे उत्तर परीक्षेत चालून जातं, पण ते कारण नव्हे. अणूला आठपर्यंत मोजता येत नाही, आणि हायड्रोजनचं तर दोनावरच भागतं! खरी ओढ विद्युत आकर्षणाची. हायड्रोजनचे दोन अणू जवळ आले की इलेक्ट्रॉनची जोडी दोन्ही केंद्रकांच्या मधल्या जागेत जास्त सापडते, आणि ऋणप्रभार असल्याने दोन्ही धनप्रभारित केंद्रकांना आपल्याकडे खेचते. अणू फारच जवळ आले तर केंद्रकं एकमेकांना ढकलतात. ही ओढाताण जिथे जुळते ते अंतर ७४ पिकोमीटर (एक पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग). तिथे ऊर्जा सर्वांत कमी. म्हणून एक मोल, म्हणजे सुमारे ६ × १०²³, रेणूंचे बंध तोडायला सुमारे ४३६ किलोजूल मोजावे लागतात. वाटणी समसमान असेलच असं मात्र नाही. हायड्रोजन क्लोराइडमध्ये जोडी क्लोरीनकडे झुकलेली असते.