नसबंदीनं कुत्र्याच्या कोणत्या सवयी जातात, कोणत्या जात नाहीत

तुमचा लॅब्राडोर नर ८ महिन्यांचा आहे. सोफ्याच्या पायावर मुततो, समागमासारखी हालचाल करत उशांवर चढतो, दार उघडं दिसलं की पळ काढतो आणि पाहुणे आले की शेपूट पायांत घालून, भुंकत अंगावर जातो. ऑपरेशन केलं की हे सगळं थांबेल का, असं तुम्ही विचारलंय. पहिल्या तीन तक्रारींत फरक पडण्याची शक्यता चांगली आहे. चौथीचं मूळ भीतीत आहे. तिच्यावर नसबंदी हा उपाय नाही, उलट ती बिघडूही शकते. म्हणून तारीख घेण्याआधी थोडं थांबा.

नसबंदीत वृषण काढले की रक्तातलं टेस्टोस्टेरॉन एक-दोन दिवसांत जवळजवळ नाहीसं होतं. वागणं मात्र हळूहळू बदलतं, काहींचं दोन-तीन आठवड्यांत तर काहींचं काही महिन्यांनी. सगळ्यात जास्त फरक भटकण्यात पडतो. चढणं, इतर नरांशी भांडणं आणि मुतून खूण करणं त्यानंतर येतं. कॅलिफोर्नियात दोन वर्षांवरच्या ५७ नरांचा अभ्यास झाला होता, तो १९९७ साली प्रसिद्ध झाला. भटकणं, चढणं आणि खुणेचं मुतणं या तीन सवयी त्यातल्या साधारण ६० टक्के किंवा अधिक कुत्र्यांत निम्म्यानं किंवा त्याहून जास्त प्रमाणात कमी झाल्या. जवळपास पूर्ण थांबल्या त्या मात्र २५ ते ४० टक्क्यांतच. सवय किती जुनी आहे यावर निकाल अवलंबून नव्हता. त्यामुळे ‘आत्ता नाही केलं तर सवय कायमची जडेल’ या धास्तीनं घाई करायचं कारण नाही.

मुतण्याचं आधी नीट निरीक्षण करा. पाय वर करून उभ्या वस्तूवर थोडंसंच मुतत असेल तर ती खूण. जमिनीवर मोठं थारोळं होत असेल तर शिकवण अपुरी आहे किंवा मूत्रमार्गात संसर्ग आहे. त्यासाठी लघवीची तपासणी हवी, नसबंदीनं तो प्रश्न सुटणार नाही. खुणेची जागा एन्झाइम असलेल्या क्लीनरनं पुसा. अमोनियाचा क्लीनर वापरू नका, त्याचा वास मुताच्या वासाशी जुळतो आणि कुत्रा पुन्हा तिथेच जातो.

आता पाहुण्यांचं. टेस्टोस्टेरॉनमुळे थोडा धीटपणा येतो. मुळात घाबरट असलेल्या कुत्र्याचा तो आधार काढला तर काही कुत्रे आणखी बिचकतात, असं अभ्यासांत दिसलंय. आधी भीतीवर काम करा. पाहुण्याला त्याच्यापासून इतकं लांब बसवा की तो बघेल पण भुंकणार नाही. पाहुणा दिसला की खाऊ, दिसेनासा झाला की खाऊ बंद. अंतर टप्प्याटप्प्यानं कमी करा. ओरडू नका, गुरगुरल्याबद्दल शिक्षा तर मुळीच नको. गुरगुरणं दाबलं की इशारा न देता चावणारा कुत्रा तयार होतो.

हॉर्मोन गेल्यावर तुमचा कुत्रा कसा वागेल हे आधी पाहायचं असेल तर डॉक्टरांना डेस्लोरेलिन इम्प्लांटबद्दल विचारा, म्हणजे टेस्टोस्टेरॉन तात्पुरतं बंद करणाऱ्या औषधाची बारीक कांडी. खांद्यांच्या मधे कातडीखाली बसवतात. ४.७ मिलिग्रॅमचा परिणाम साधारण ६ महिने टिकतो, ९.४ चा वर्षभर. पहिले काही आठवडे टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं, त्यामुळे त्या काळातल्या वागण्यावरून निष्कर्ष काढू नका. घाबरट नरासाठी ही चाचणी मला फार मोलाची वाटते, कारण ऑपरेशन मागे घेता येत नाही.

वयाचा मुद्दा मोठ्या जातींत खरंच महत्त्वाचा आहे. हाडांच्या टोकाची वाढ थांबवण्याचं काम लैंगिक हॉर्मोन करतात. ते लवकर गेले तर हाडं थोडी जास्त लांब होतात, सांध्यांचे कोन बदलतात, आणि गुडघ्याचा लिगामेंट फाटण्याचा व हिप डिस्प्लेशियाचा (खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा) धोका वाढतो. लॅब्राडोरमध्ये ६ महिन्यांच्या आत केलेल्या नसबंदीत हा धोका स्पष्ट दिसला, गोल्डन रिट्रीव्हरमध्ये वर्षाच्या आत. छोट्या जातींत तो सहसा दिसत नाही. मोठ्या नरांसाठी वाढ थांबल्यावर, म्हणजे ९ ते १५ महिन्यांच्या दरम्यान ऑपरेशन करावं, असा सर्वसाधारण सल्ला असतो. तुमच्याकडे वेळ आहे. वर्ष पूर्ण होईपर्यंत थांबलात तर मी ते योग्यच म्हणेन. फक्त तोवर दाराची कडी आणि पट्टा यांत हयगय नको.

नराला वृषणाचा कॅन्सर होत नाही आणि उतारवयात प्रोस्टेट वाढत नाही, हे नसबंदीचे पक्के फायदे. प्रोस्टेटच्या कॅन्सरपासून मात्र संरक्षण मिळत नाही. एखादा वृषण पोटात राहिला असेल तर ऑपरेशन टाळू नका, तिथे गाठ होण्याचा धोका बराच जास्त असतो. मादीचं गणित वेगळं आहे. गर्भाशयात पू होणं हा जिवावरचा आजार टळतो, पण मोठ्या माद्यांत पुढे झोपेत लघवी गळू शकते. माज संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी केलेलं ऑपरेशन सोयीचं.

बहुतेक घरांत चूक होते ती खाण्याची. ऑपरेशननंतर ऊर्जेची गरज २० ते ३० टक्क्यांनी कमी होते आणि भूक मात्र वाढते. रोज ३०० ग्रॅम खात असेल तर टाके निघेपर्यंत वाट न पाहता २३०-२४० वर आणा, खाऊही त्यातच मोजा. दर दोन आठवड्यांनी वजन करा. हलका हात फिरवल्यावर फासळ्या बोटांना लागल्या पाहिजेत.

ऑपरेशनआधी रक्ततपासणी करून घ्या, प्लेटलेट्ससह. गोचिडतापात त्या कमी असतात आणि रक्तस्राव थांबत नाही. नंतर १० ते १४ दिवस कोन कॉलर, आंघोळ नाही, उड्या नाहीत, बाहेर फक्त पट्ट्यावर. माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नका, आयबुप्रोफेननं कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. थोडी सूज चालते. वृषणांची पिशवी फुगत चालली, रक्त थेंबथेंब येत राहिलं किंवा हिरड्या पांढऱ्या पडल्या तर त्याच तासाला दवाखाना गाठा. आणि पुढचे सहा आठवडे त्याला माजावरच्या मादीजवळ जाऊ देऊ नका. नलिकांमध्ये शुक्राणू शिल्लक असतात आणि तेवढ्यानं गर्भ राहू शकतो.