मेलला दिलेलं उत्तर बोर्डावर पोचत नाही (ऐरोलीच्या ताईंच्या प्रश्नावर)

ताई, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि झोपच उडाली. नोकरी सांभाळून ऑनलाइन डिप्लोमा, दर आठवड्याला कोर्सच्या चर्चेच्या बोर्डासाठी न चुकता लिहिलंत, आणि आता निकालात चर्चेचे १५ पैकी ०, वर हेल्पडेस्कचं उत्तर की "आपली एकही पोस्ट आढळत नाही". हे वाक्य मला तोंडपाठ आहे. माझे २० पैकी ० होते, बाकी गोष्ट तीच. कोर्स सोडू का असं विचारलंय तुम्ही, तर आधी नाही म्हणते, सोडू नका, आणि मग सविस्तर लिहिते.

लॉगिन, पासवर्ड, अ‍ॅप वगैरे सांगत बसत नाही, ते तुम्हाला येतंच. मला एवढंच सांगा, तुम्ही उत्तरं कुठून लिहीत होतात? बोर्ड उघडून, की आलेल्या मेलला रिप्लाय करून?

मी मेलवरून करत होते. तेव्हा ठाण्याहून महापेला नोकरी, ट्रान्स हार्बरने घणसोलीला उतरायचं, अभ्यासाला वेळ म्हणजे तो प्रवासच. आमचा कोर्स मूडलवर होता, म्हणजे संस्था ऑनलाइन कोर्स चालवायला वापरतात त्या सॉफ्टवेअरवर. तिथे चर्चेत कुणी काही लिहिलं की त्याची प्रत मेलवर येते, आणि पाठवणाऱ्याच्या जागी सरांचं किंवा वर्गातल्या कुणाचं नाव दिसतं. मग माणूस काय करणार, खाली रिप्लाय दाबून लिहिणारच ना. मी चांगली दोन-दोन परिच्छेदांची उत्तरं लिहिली, उभ्याने, एका हाताने, अकरा आठवडे. पण नाव सरांचं असलं तरी पत्ता नो-रिप्लायचा असतो, त्यावर पाठवलेलं उत्तर कुणापर्यंत जात नाही. काही संस्था मेलमधून उत्तर स्वीकारायची सोय सुरू ठेवतात, आमच्याकडे ती नव्हती, आणि एकही मेल बाउन्स होऊन परत आला नाही त्यामुळे शंका यायला काही कारणच मिळालं नाही. सेंटमध्ये अकरा उत्तरं, बोर्डावर शून्य.

तुम्ही म्हणाल इतके आठवडे बोर्ड उघडून बघितलं नाहीस का. नाही बघितलं. सगळं मेलवर वाचायला मिळत होतं तर उघडायची गरजच वाटली नाही, आणि माझ्या लिहिण्यावर कुणी काही बोललं नाही तेव्हा वाटलं लोक बिझी असतील. इथेच माझं सगळ्यात मोठं नुकसान झालं. म्हणून आता कुणी विचारलं की हट्टाने सांगते, लिहून झालं की बोर्डाचं पान रिफ्रेश करून स्वतःचं नाव आणि वेळ डोळ्यांनी बघा, स्क्रीनशॉट काढा, तारखेच्या नावाने सेव्ह करा. दोन मिनिटं लागतात.

आता ऑफिसबद्दल. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. अर्धा दिवस रजा टाकून गेले. पहिल्या टेबलावर "चर्चेचे मार्क प्राध्यापक देतात, त्यांना विचारा". प्राध्यापकांना मेल केला तर आपोआप येणारं उत्तर, "गुणांबाबत कार्यालयाशी संपर्क साधावा". परत रजा, परत गेले. यावेळी सांगितलं की मेलच्या प्रिंट आणा, आणल्या, अकरा उत्तरांची बावीस पानं, तारीख-वेळेसकट. बाईंनी वरचं पान बघितलं आणि म्हणाल्या मेल चालत नाही, बोर्डाचा स्क्रीनशॉट लागेल. अहो बोर्डावर नाही हीच तर तक्रार आहे! शेवटी कळलं की गुणदुरुस्तीचा अर्ज निकालानंतर ७ दिवसांत करायचा होता, मुदत संपली, आणि ती सूचना बोर्डाच्या घोषणांमध्ये टाकली होती. त्या घोषणेचा मेलही मला आला होता, पण चर्चेचे मेल फार येतात म्हणून मीच जीमेलला फिल्टर लावून सगळे इनबॉक्सबाहेर पाठवत होते. चर्चेत वेगळं पास व्हावं लागायचं म्हणून ते मोड्यूल पुढच्या सत्रात परत केलं. सहा महिने आणि पुन्हा फी. त्या दोन्ही रजांपेक्षा मला याचा राग जास्त आला की अकरा उत्तरं समोर असून कुणी एक ओळही वाचली नाही. त्यातलं एक तर मी आमच्या कळव्याच्या शाळेतल्या अनुभवावर लिहिलं होतं, मनापासून.

असो. तुमच्यासाठी काय करता येईल ते बघू. मूडल असेल तर स्वतःच्या प्रोफाइलवर जा, तिथे फोरम पोस्ट्स अशी लिंक असते, तुम्ही त्या साइटवर लिहिलेलं सगळं एका जागी दिसतं. तिथे पोस्ट दिसल्या तर तुमची केस माझ्यापेक्षा खूप मजबूत आहे, मग प्रश्न फक्त चुकीच्या फोरममध्ये किंवा दुसऱ्या ग्रुपमध्ये लिहिल्याचा असू शकतो आणि ते सुधारता येतं. रिकामं दिसलं तर सेंट मेल जपून ठेवा, डिलीट काही करू नका, आणि दुरुस्तीची मुदत आजच्या आज बघा, बाकी सगळं नंतर.

अर्ज लेखीच द्या, पोच घ्या. फोनवर काय ठरलं त्याला काही अर्थ नसतो. मी वकील नाही, नियम बदलतातही, तुमचे तुम्ही तपासून घ्या, पण कोर्स विद्यापीठाचा असेल तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते, तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि तिथे समाधान झालं नाही तर पुढे विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालांकडे (ओम्बड्सपर्सन) जाता येतं. मला हे तेव्हा माहीत असतं तर मी त्या बाईंच्या टेबलासमोर रडत उभी राहिले नसते. सरकारी विद्यापीठ असेल तर माहिती अधिकारात १० रुपयांत अर्ज करून तुमच्या खात्याची सर्व्हरवरची नोंद मागून बघा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तेवढ्यात दुरुस्तीची मुदत निघून जाईल म्हणून तो अर्ज आणि हा, दोन्ही एकदमच करा.

दुसऱ्यांदा तेच मोड्यूल केलं तेव्हाचे दोन-तीन अनुभव, विषयाबाहेरचे वाटले तर सोडून द्या. मूडलवर पोस्ट टाकल्यावर साधारण ३० मिनिटं ती दुरुस्त करता येते, संस्था हा वेळ बदलू शकते. आधी नोट्समध्ये लिहून मगच पेस्ट करायचं, ट्रेनमध्ये नेट जातं आणि लिहिलेलं उडतं. काही चर्चा अशा असतात की आपण पहिलं उत्तर टाकेपर्यंत बाकीच्यांची दिसतच नाहीत, त्याला घाबरून साइट बिघडली समजू नका. शंका विचारताना शीर्षकात आठवडा आणि प्रश्न क्रमांक लिहा, "सर डाउट आहे" असं शीर्षक कुणी उघडत नाही. आणि "सहमत", "छान मुद्दा" एवढंच लिहिणाऱ्यांना मार्क मिळू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे, समोरच्याने मेहनतीने लिहिलेलं असतं.

कुणीतरी खाली स्वयमचं, म्हणजे केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलचं विचारलंय. तिथल्या एनपीटीईएलच्या (आयआयटी वगैरे संस्था चालवतात त्या) कोर्सला चर्चेचे मार्क नसतात, २५ असाइनमेंटचे आणि ७५ परीक्षेचे, पण परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते, ती तारीख चुकवू नका. परदेशी कोर्स असेल तर वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) आहे का बघा, आपण साडेपाच तास पुढे आहोत.

ताई, आज प्रोफाइल उघडून फोरम पोस्ट्समध्ये किती दिसतात तेवढा आकडा इथे टाका, आणि निकाल कोणत्या तारखेला लागला तेही. अर्जाचा मसुदा माझ्याकडे अजून आहे, तुमच्या केसप्रमाणे बदलून रात्रीपर्यंत देते.