हस्की हप्त्यावर घ्यावा का?

तुमचं पत्र थोडक्यात असं: नागपूरला मनीषनगरात तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट, तुम्ही दोघंही नोकरीला, घरी सासूबाई आणि नऊ वर्षांचा मुलगा. त्याने हस्की जातीच्या कुत्र्याचा हट्ट धरलाय. विकणारा पिल्लाचे 55,000 रुपये सांगतोय आणि क्रेडिट कार्डावर बारा हप्ते करून देतो म्हणतोय.

कुत्रा जरूर आणा. पण हस्की नको, आणि हप्त्यावर तर कुठलाच नको.

तुमचेच आकडे बघू. हातात 82,000 येतात. गृहकर्जाचा हप्ता 29,000, घरखर्च 34,000, एसआयपी 10,000. उरले 9,000. कार्डाचा हप्ता व्याजासकट 5,000च्या घरात जाईल. राहिलेल्या 4,000त हस्कीचं खाणंपिणं आणि डॉक्टर धड भागत नाही. त्यात आपला मे महिना. सायबेरियाच्या थंडीसाठी अंगावर केसांचे दोन थर असलेलं हे जनावर. पारा 45ला टेकला की त्याला एसीतच ठेवावं लागतं. दिवसा नऊ तास एसी, तासाला साधारण एक युनिट, युनिटला 12 रुपये धरले तर महिन्याला 3,200च्या वर फक्त वीज. शिवाय ही स्लेज, म्हणजे बर्फावरची गाडी, ओढणारी जात आहे. रोज भरपूर पळायला मिळालं नाही तर सोफे फाडते आणि हेल काढून ओरडते. दिवसभर ते सासूबाईंनी सांभाळायचं? मला त्या कुत्र्याचीही काळजी वाटते.

दुसऱ्या जाती बघू. पग लहान असतो, पण चपट्या नाकामुळे उकाड्यात त्याला धाप लागते. नाकावरच्या घड्या रोज पुसून कोरड्या ठेवाव्या लागतात. शिहत्झू फ्लॅटमध्ये छान राहतो. मात्र रोज विंचरलं नाही तर कानामागे जटा होतात, आणि ग्रूमिंगचा खर्च कायमचा मागे लागतो.

माझं मत देशी कुत्र्याला. आखूड केस, इथल्या उन्हाची सवय, आणि विकत घ्यावा लागत नाही. तुमच्या घरी पिल्लापेक्षा दीड-दोन वर्षांचा, नसबंदी आणि लसीकरण झालेला कुत्रा दत्तक घ्या. त्याचा स्वभाव आधी कळतो, आणि लस पूर्ण न झालेल्या पिल्लाला पार्व्हो हा जीवघेणा विषाणूचा आजार झाला तर सलाइन आणि दवाखान्यात जे हजारो रुपये जातात, तो धोकाही बराच कमी होतो. सकाळ-संध्याकाळ फिरवायचं काम मात्र तुम्हा दोघांचं. सासूबाईंच्या हातात पट्टा देऊ नका.

याचा खर्चही कमी समजू नका. भात, चिकन, अंडी, जंताचं औषध, वर्षाची रेबीजची लस, महापालिकेचा परवाना, तुम्ही गावाला गेलात तर बोर्डिंग: सगळं मिळून महिन्याला सरासरी 3,500 धरा. बारा वर्षांचे आजच्या भावाने 5,04,000 होतात. महिन्याचा हा खर्च 9,000त बसतो.

पण तुमची आणीबाणीची शिल्लक 1,20,000 आहे. हप्ता आणि घरखर्च धरला तर दोन महिनेही पुरणार नाही. म्हणून आधी सहा महिने उरणारे 9,000 बाजूला टाका, 54,000 जमतील. एसआयपी थांबवू नका. त्यातले 20,000 कुत्र्याच्या आजारपणासाठी वेगळ्या खात्यात ठेवा, बाकीचे आणीबाणीच्या शिलकीत घाला. कुत्र्याचा विमा घेतलात, तरी आधीपासूनचे आजार त्यात सहसा धरत नाहीत, त्यामुळे हे 20,000 लागतीलच.

या सहा महिन्यांत मुलाला सुटीच्या दिवशी एखाद्या निवारा केंद्रावर घेऊन जा. तिथल्या कुत्र्यांना खाऊ घालू दे, फिरवू दे, आणि घरी आणायचा कुत्रा त्यालाच निवडू दे.