बाहेरचा सल्लागार नेमण्याआधी

ताई, पहिल्यांदाच सल्लागार नेमताय म्हणून बिचकू नका. फक्त एवढंच, संस्थेच्या पुढच्या कामाचा आराखडा त्याला लिहायला देऊ नका. त्याने प्रश्न विचारावेत, आकडे तपासावेत, बैठका चालवाव्यात. निर्णय तुमच्या मंडळाचे. सगळं त्याच्यावर सोडलं, की देखणा अहवाल येतो आणि कपाटात जातो. नव्या संस्था इथेच फसतात.

- काम, मुदत, हप्ते आधी लेखी ठरवा.
- त्याला गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या पूरग्रस्त वाड्यांवर न्याच. पणजीत बसून २०२१च्या जुलैतला पूर कळत नाही. सोबत तिथल्या बायकांशी मोकळेपणी बोलणारा कार्यकर्ता द्या.
- मानधन परदेशी निधीतून? आधी हिशेबनिसाला विचारा. परदेशी निधीच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२०च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे, व्यावसायिक शुल्क त्यातच धरतात.

बैठका भर पावसात किंवा गणेश चवथीच्या तोंडावर नकोत. निर्देशक, म्हणजे कामाचा परिणाम मोजायची मापं, वगैरे नंतर बघू.