घरच्या पीसीवरचा मायएसक्यूएल लॅपटॉपवरून कनेक्ट होत नाही, एरर २००३

भाऊ, तुम्ही लिहिलंय की दांडिया बाजारच्या घरी उबुंटूवर मायएसक्यूएल हा डेटाबेस सर्व्हर नीट चालतोय पण त्याच वायफायवरच्या विंडोज लॅपटॉपवरून आणि रावपुऱ्याच्या दुकानातून २००३ येतो, तर आधी पासवर्ड बदलत बसू नका, २००३ म्हणजे तुम्ही सर्व्हरपर्यंत पोचलाच नाहीत, पासवर्डचा घोळ असता तर १०४५ आला असता.

एरर मेसेजमध्ये कंसातला नंबर बघा. १००६१ असेल तर पीसी सापडलाय पण ३३०६ पोर्टवर (मायएसक्यूएलचा नेहमीचा पोर्ट) कोणी ऐकत नाहीये, बहुतेक बाइंड-ॲड्रेस (मायएसक्यूएल कुठल्या आयपीवर ऐकतो ते सेटिंग) १२७.०.०.१, म्हणजे फक्त त्याच पीसीपुरता असेल, तो पीसीचा घरातला आयपी टाकून बदला आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. १००६० म्हणजे टाइमआउट, तिथे फायरवॉल बघा किंवा आयपीच बदललाय का ते बघा, राउटर बंद-चालू झाला की असं होऊ शकतं म्हणून राउटरमध्ये तो फिक्स करून टाका. यानंतर ११३० दिसला तर घाबरू नका, रस्ता मोकळा झालाय, फक्त मायएसक्यूएलचा युजर लोकलहोस्टपुरता, म्हणजे त्याच पीसीवरून वापरण्यापुरता आहे, घरच्या नेटवर्कसाठी वेगळा युजर बनवा, रूट (सगळे अधिकार असलेला युजर) अजिबात नको.

दुकानासाठी मात्र प्लीज राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करू नका, म्हणजे तो पोर्ट बाहेरच्या इंटरनेटला उघडू नका, ३३०६ उघडा दिसला की बॉट पासवर्ड ट्राय करत बसतात आणि आत तुमच्या गिऱ्हाइकांचे हिशेब आहेत. राउटरचा वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा) १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर फॉरवर्डिंग तसंही चालणार नाही, तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे इंटरनेट कंपनी एकच पब्लिक आयपी बऱ्याच गिऱ्हाइकांत वाटते. त्याऐवजी घरच्या पीसीवर आणि दुकानातल्या मशीनवर टेलस्केल (दोन्ही मशीन खाजगी नेटवर्कने जोडणारं व्हीपीएन) टाका, बाइंड-ॲड्रेसमध्ये पीसीचा आणि युजरमध्ये दुकानातल्या मशीनचा टेलस्केल आयपीही जोडा.