जागा उरली तर

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

रविवारी तू यादी दाखवलीस तेव्हा मी मुद्दाम गप्प बसलो. कॉलेजातल्या मित्रमैत्रिणींना 'ऑल टाइम फेव्हरेट' द्यायची म्हणून तीन दिवस खपलीस, परदेशी धरून २५ गाणी काढलीस, आणि त्यातलं एकही तू जिना चढताना गुणगुणत नाहीस. जिन्यात कुमार सानू ऐकू येतो. माझं दार जिन्याला लागून आहे, मला सगळं कळतं. डिसेंबरात गाण्यांच्या त्या ॲपनं वर्षाचा हिशेब दिला त्यातही तोच पहिला आला, आणि तू तो हिशेब कुणालाच दाखवला नाहीस, हेही तूच सांगितलंस. वर विचारलंस, "काका, माझी आवड खरंच चीप आहे का गं... म्हणजे, का हो?" इतकी गोंधळलेली तू मला कधी दिसली नव्हतीस. रात्रभर ते डोक्यात राहिलं, म्हणून लिहायला बसलो.

नाशकात रविवार कारंजाजवळ माझं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं, हे तू ऐकून आहेस. साठची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. जुन्या ७८च्या तबकडीवर एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटंच मावायची, गाणी त्या मापानंच बांधलेली असायची, त्यामुळं एका बाजूला नऊ गाणी सहज बसायची. गिऱ्हाईक वहीच्या पानावर यादी लिहून आणायचं. वरची नावं ठरलेली. दोन नाट्यपदं, चार भावगीतं, एखादी गझल. पाहुण्यांपुढं लावता येतील अशी. मग पैसे देताना माणूस काउंटरवर थोडा वाकायचा आणि हळूच म्हणायचा, "जागा उरली तर शेवटी ते एक टाका." ते एक म्हणजे कधी लावणी, कधी दादा कोंडक्यांच्या पिक्चरमधलं महेंद्र कपूरचं गाणं, कधी प्रल्हाद शिंदे. काही महिन्यांनी टेप अडकली म्हणून तीच कॅसेट परत यायची. पेन्सिल घालून हळूहळू फिरवत गेलं की चुरगळलेला भाग सापडायचा तो शेवटी. तेवढाच तुकडा मागे-पुढे करून करून झिजलेला. वरची आठ गाणी कोरी करकरीत.

म्हणून सांगतो, 'जागा उरली तर'चं गाणं पहिलं लिही. बाकीची मग बघू.

दर्जाचं म्हणशील तर आपल्याच पंचवटीत विष्णु दिगंबर पलुसकर राहिले. आज शास्त्रीय गाणं म्हटलं की लोक सरसावून बसतात, पण त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेव्हा घरंदाज माणसानं गाणं शिकणं हाच कमीपणा होता. पुढं १९५२ नंतर बाळकृष्ण केसकर केंद्रात माहिती-नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली, का तर म्हणे अभिरुची बिघडते. लोकांनी रेडिओचा काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. १९५७ साली सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. ज्यांनी काटा फिरवला त्यांनी आपल्या कानाशी प्रतारणा केली नाही, एवढंच मला त्यात दिसतं.

सानूला १९९१ ते १९९५ अशी ओळीनं पाच वर्षं फिल्मफेअर मिळालं. तेव्हाही माझ्या दुकानातले जाणकार नाक मुरडायचे. पण हा दाखला तू कुणाला देत बसू नकोस. बक्षिसाचा आधार शोधलास की पुन्हा दुसऱ्याच्याच कानानं ऐकणं आलं. आवडतो ना? मग लिही. पहिल्या ओळीत लिही. किती वेळा सांगायचं?

मी एवढा का चिडतो, तेही सांगतो. माझे वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. रिटायर झाल्यावर एकदा दुकानात आले आणि म्हणाले, "तुझ्या पसंतीची एक कॅसेट भर. जागा उरली तर सुलोचनाबाईंच्या दोन लावण्या टाक." संध्याकाळी दुकानात गाण्यातली मंडळी बसायची, मला त्यांच्यात मान होता. लावणी मलाही आवडायची, पण मी ती सगळे गेल्यावर हेडफोन लावून ऐकायचो. वडिलांची कॅसेट मी उत्तम भरली, निवडक नाट्यपदं घेतली. दुसऱ्या बाजूला सात मिनिटं उरली. सात मिनिटांत दोन लावण्या बसतात. मंडळी समोर बसली होती, भरताना आवाज बाहेर येणार होता. मी ती जागा कोरी ठेवली.

वडील काही बोलले नाहीत. दुपारी ती कॅसेट लावायचे, आणि गाणी संपल्यावरही डेकचा खटका वर येईपर्यंत तसेच बसून राहायचे. ती सात मिनिटांची खरखर मी आतल्या खोलीतून ऐकली आहे. आता तू म्हणशील, दुसऱ्या दिवशी भरून द्यायचं होतं. धंदा होता गं, त्या मंडळींमुळं निम्मं गिऱ्हाईक यायचं, घर त्यावर चालत होतं. आणि मी त्यांना वाईट काही दिलं नव्हतं, चांगलंच दिलं होतं. हे मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलोय. सुलोचना चव्हाणांना २०२२ साली पद्मश्री मिळाली, त्याच डिसेंबरात त्या गेल्या. डोक्यावरचा पदर ढळू न देता ती बाई आयुष्यभर लावणी गायली. पद्मश्रीची बातमी आल्यावर तीच मंडळी मला फोन करून 'काय आवाज होता' म्हणाली. तोवर वडील जाऊन वीस वर्षं झाली होती.

तेव्हापासून माझ्या घरात लावणी मोठ्यानं लागते. खिडकी उघडी ठेवून. खालच्या मजल्यावरून तक्रार आली तर आवाज कमी करतो, गाणं बदलत नाही.

तुझ्या यादीतली ती परदेशी गाणी खोडायला मी सांगत नाही. त्यातलं एखादं खरंच रात्री दोनदा-तीनदा लावत असशील तर ते तुझंच. तुझं तुला कळेल. फक्त कुणी बघत नसताना कोणतं लावतेस ते आठव, आणि तिथून वर लिहीत ये.

रविवारी सकाळी ये. डेकचा बेल्ट बदलून घेतलाय. कोरी कॅसेट एकच उरली आहे, साठची. यादी मोबाईलवर नको, कागदावर आण. पहिल्या ओळीत सानू नसेल तर मी भरणार नाही.

तुझा,
जिन्याजवळचा काका